आत्या, अर्धं पाऊल डावीकडे

सरावलीतल्या आमच्या इमारतीत साखरपुडा, बारसं, वास्तुशांत काहीही निघालं की पहिलं आमंत्रण ग्रिडकाकांना जातं. ते प्रेमापोटी नव्हे. बोलावलं नाही तरी ते येतातच, आणि रुसलेले ग्रिडकाका एका फोटोला दुप्पट वेळ लावतात.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. हल्ली ते फक्त गॅसवाला वाचतो. तारापूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. लॉकडाऊनमध्ये घरी बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर 'कंपोझिशन' शिकून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या स्क्रीनवर दोन उभ्या नि दोन आडव्या रेषा कायमच्या आहेत, आणि आम्हाला संशय आहे की मोबाइल खिशात असतानाही त्या त्यांना दिसतात. समोरचा माणूस बोलत असतो आणि काका डोळा बारीक करून त्याला मनातल्या मनात खिडकीपासून दूर सरकवत असतात.

नियम साधा आहे. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य विषय मधोमध न ठेवता रेषा छेदतात तिथे ठेवायचा. एक तृतीयांशाच्या या प्रमाणाला नियम म्हणून नाव दिलं जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, 1797 साली. म्हणजे दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आला होता आणि फोटो ही चीज जन्मायला अजून एक पिढी जायची होती. फोटोच्या आधी फोटोचा नियम आला, यात काकांना नवल वाटत नाही. त्यांच्या लेखी माणसाच्याही आधी जागा ठरलेली असते.

पंचाईत एवढीच की मंगलकार्यात प्रत्येकाला मधोमधच उभं राहायचं असतं. परवाच्या साखरपुड्यात मुलाच्या आत्या मुंबईहून डहाणू लोकलने उभ्या उभ्या आलेल्या, मानाने मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "आत्या, अर्धं पाऊल डावीकडे." आत्या सरकल्या. "अजून थोडं. बघताय तिकडे मोकळी जागा हवी." त्या सरकत सरकत मुलीकडच्या माणसांत जाऊन पोचल्या. "काका, पुऱ्या गार होतायत," आतून आवाज आला. काका म्हणाले, "पुऱ्या परत तळता येतात. हा उजेड परत येणार आहे का?"

व्हिडिओचं शास्त्र त्याहून कडक. बोलणाऱ्या दोन माणसांमधून एक काल्पनिक रेषा जाते आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नसते, नाहीतर पडद्यावर दोघं एकाच दिशेला तोंड करून बोलल्यासारखे दिसतात. नियम सिनेमावाल्यांचा आहे आणि रास्त आहे. पण व्याही-व्याही देण्याघेण्याचं बोलत असताना त्यांच्यात ही लक्ष्मणरेषा आखून काका रांगोळी वाचवत मागच्या दाराने, जिन्याखालून फिरून येतात, तोवर बैठक उठलेली असते.

बाहेर मात्र त्यांची नजर मानावी लागते. बोईसर-तारापूर रस्त्यावर ओळीने थांबलेल्या टँकरचा त्यांनी काढलेला फोटो असा आहे की टँकरकडून डोळा आपोआप चिमणीकडे आणि चिमणीवरून धुराकडे जातो. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आम्हाला तो देखावा कधी दिसलाच नव्हता. चिंचणीच्या किनाऱ्यावर क्षितिज रेसभर वाकडं झालं तर त्यांना रात्री झोप लागत नाही. फक्त अणुवीज केंद्राच्या वाटेला ते जात नाहीत. 1969 पासून तिथे वीज होते आणि फोटोला मनाई आहे. तिथली फ्रेम सुरक्षारक्षक ठरवतात.

त्यांची एकदाच बोलती बंद झालेली पाहिली. डहाणूकडच्या एका पाड्यावर लग्नाला गेलो होतो. भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला. चौकटीत चौकट, आणि पालघट देवी थेट मधोमध. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना याच वारली कलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हे काकांना तोंडपाठ. त्यांनी मोबाइल रोखला, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, गुडघ्यावर बसले. शेजारी पाटावर बसलेली म्हातारी बराच वेळ हे बघत होती. "देवीला बाजूला करतोस काय रे?" तिने विचारलं. काका उठले, समोर उभे राहिले आणि सरळ फोटो काढला. परतीच्या रिक्षात बोईसर येईपर्यंत गप्प होते. उतरताना म्हणाले, "ती सिमेट्री. सिमेट्रीला नियम वेगळा."

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकच बरा फोटो सापडला, काकांनी काढलेला. आजोबा खाली उजव्या कोपऱ्यात, वर सगळं आभाळ. मोठा करावा तर चेहरा फुटतो. शेवटी आहे तसाच लावला. हार घालायला जागा भरपूर मिळाली. नातेवाइकांना तो फोटो आता आवडू लागलाय हे कबूल केलं पाहिजे. आजोबा खरंच असेच कोपऱ्यात बसून वर बघायचे.

सध्या काकांचा रील्सचा अभ्यास चालू आहे. रील उभी असते, आडवा घोळका तिच्यात मावत नाही. म्हणून पुढच्या रविवारी बारशाला सगळ्यांनी जिन्यावर उभं राहायचं आहे, असा निरोप इमारतीच्या ग्रुपवर आलाय. आत्यांचे गुडघे दुखतात. त्यांना तळाची पायरी दिली आहे. तिला काका फोरग्राउंड म्हणतात. आत्यांनी उलट निरोप धाडलाय की जेवण झाल्याशिवाय आपण कुठल्याच ग्राउंडात उभ्या राहणार नाही.