नवं मशीन

नगर जिल्ह्यात घड्याळ म्हटलं की माणसाला आधी निवडणुकीचं चिन्ह आठवतं. त्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. त्याला सेल लागत नाही, आणि ते बंद पडलं म्हणून कुणी कापड बाजारात चकरा मारत नाही. मनगटावरच्या घड्याळाचं नशीब एवढं थोर नसतं. ते थांबतं, आपण सेल बदलतो, तरी ढिम्म. मग घड्याळजी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून सांगतात, "मशीन गेलंय सर. नवं टाकू." डायल, काटे, काच, केस आणि पट्टा वगळून जे उरतं ते मशीन. ते काढून दुसरं घातल्यावरही घड्याळ 'तेच' राहतं, यावर आपला विश्वास असतो.

हे नवं मशीन चार-दोन दिवसांत बंद पडलं की गंमत सुरू होते. संशय सगळ्यांवर जातो, फक्त मशीनवर जात नाही. सेल जुना असेल. घाम गेला असेल. उशाखाली हात घेऊन झोपायची सवय वाईट. एका हितचिंतकानं मला नगरच्या उन्हाळ्याचंही कारण दिलं, आणि तेव्हा डिसेंबर चालू होता. मशीन नवं आहे, म्हणजे ते निर्दोष आहे, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं.

पण नवं मशीनही सदोष निघतं, आणि त्याला स्वस्ताई कारण आहे. सेकोनं १९६९ च्या नाताळात टोकियोत पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करत होती. आज अख्खं मशीन प्लॅस्टिकच्या पुडीतून येतं आणि साध्या थाळीच्या पैशांत मिळतं. एवढ्या किमतीत तपासून कोण देणार?

आत मात्र कारभार मोठा आहे. कारखान्यात वाढवलेल्या गारगोटीचा एक दुबेळका सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट त्या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे करतं, तेव्हा शेवटी एक ठोका उरतो. तो कॉइलमध्ये जातो, कॉइल इवल्याशा लोहचुंबकाला अर्धा फेरा देते आणि काटा एक घर सरकतो. बत्तीस हजार हालचाली आणि निष्पन्न एक! सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे प्रमाण समजावून सांगावं लागत नाही.

बिघाड शोधायची खरी रीत म्हणजे मशीन उघडंच चालवून बघायचं. डायल नाही, काटे नाहीत, नुसता ताजा सेल. त्याचा दाब दीड व्होल्टच्या किंचित वर हवा. असं एकटं असताना सुरळीत चालतं आणि चार जणांत बसवलं की थांबतं, तर दोष सोबत्यांचा. सेकंद काटा जास्त दाबला गेलेला असतो, तास काटा डायलला घासतो, नाहीतर मिनिट काटा त्याला ओलांडताना अडतो. घड्याळ कुठे थांबलं हे म्हणूनच पाहावं. दर वेळी काटे एकमेकांवर आल्यावरच थांबत असेल, तर सर्किटला बोल लावू नये. सेकंद काटा जागीच थरथरत असेल, तर ठोका येतोय पण ताकद पुरत नाही. सेल उतरलाय किंवा चाक अडकलंय. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अशा वेळी बहुधा नवाच्या आसपास तडफडतो, कारण तिथे त्याला स्वतःचं वजन वर उचलावं लागतं.

माझ्या घड्याळाचा काटा तडफडतही नव्हता. मशीन एकटं चालवून पाहिलं, तरी ते निपचितच होतं. कापड बाजारातल्या दुसऱ्या, वयस्कर घड्याळजींनी मीटरच्या दोन पिना कॉइलला लावल्या आणि मान हलवली. कॉइलची तार केसाहून बारीक असते. बसवताना चिमटा निसटला की तुटते. त्यांनी विचारलं, "जुनं मशीन आहे का?" पहिल्या दुकानातून मी ते पुडीत बांधून आणलं होतं. सेल पाझरून त्याची चाकं गंजली होती, पण कॉइल शाबूत. दोन्ही मशीनं एकाच नंबरची निघाली. त्यांनी जुन्याची कॉइल नव्यात बसवली आणि काटा निघाला.

आता ते घड्याळ महिन्याला काही सेकंद पुढे जातं. त्याची मला तक्रार नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची. नगरच्या डोक्यावर सूर्य येतो तो त्यानंतर सुमारे अर्ध्या तासानं. घड्याळाची चूक सेकंदांची, सरकारमान्य फरक अर्ध्या तासाचा.

जुनी कॉइल अशी कामी येते, म्हणून मशीन बदलायला द्याल, तेव्हा काउंटरवर एवढं एक बोला : "जुनं परत द्या." दुकानदार हसतील. हसू द्या, पण पुडी घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.