शब्दसंपदा वाढवा, नातेवाईक घटवा

इंग्रजी शब्दसंपदा वाढवू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी ही नियमावली सादर करीत आहोत. तिचा आधार म्हणजे आमच्या नानामामांची प्रदीर्घ साधना. मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरीत नोटा छापल्या, निवृत्तीनंतर नोट्स काढू लागले. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला घरच्या ग्रुपवर ‘आजचा शब्द’ येतो: अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी आणि शेवटी गुलाबाचं फूल. ग्रुपवर एके काळी ३१ माणसं होती. आता १९ आहोत.

नियम १. प्रथम वही घ्यावी. दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची. प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने आखावेत. आखण्यात जो आनंद आहे तो पुढे कशातही नाही, हे ध्यानात ठेवावं. मामांच्या सात वह्या मी पाहिल्या आहेत. सातही ‘ए’पासून सुरू होतात आणि ‘एफ’च्या आसपास दम तोडतात. ‘अबँडन’ म्हणजे सोडून देणे, हा शब्द त्यांनी सात वेळा लिहिला आणि सात वेळा आचरणात आणला.

नियम २. अर्थ डिक्शनरीतून जसाच्या तसा उतरवावा. समजला नाही तर अधिक सुवाच्य उतरवावा.

खरं सांगायचं तर नुसता अर्थ उतरवून काही होत नाही. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्यही लिहायला हवं. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. आपल्याच शास्त्र्यांना हाताशी धरून त्याने आपले शब्द गोळा केले, सोबत म्हणी आणि वाक्प्रचारही नोंदवले. परका माणूस आपली भाषा विचारत विचारत शिकला. आमचे मामा त्याची भाषा कुणाला न विचारता शिकताहेत.

नियम ३. समानार्थी शब्द एकाच किमतीचे धरावेत आणि सुट्ट्या पैशांसारखे हवे तिथे मोडावेत.

या नियमाचं प्रात्यक्षिक माझ्या धाकट्या भावाच्या साखरपुड्यात झालं. त्या आठवड्यात मामांची वही ‘ई’वर होती. ‘इमॅशिएटेड’ या शब्दापुढे समानार्थी रकान्यात ‘थिन, लीन, स्लिम’ असं लिहिलेलं. मुलीची आई पुण्यात इंग्रजीची शिक्षिका. मामा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “युवर डॉटर इज व्हेरी इमॅशिएटेड. वी आर व्हेरी हॅपी.”

विहीणबाईंनी उचललेला पेढा परत ताटात ठेवला.

इमॅशिएटेड म्हणजे आजाराने किंवा उपासमारीने खंगलेला. प्रसंग सावरला तो माझ्या आईने. ती एवढंच म्हणाली, “शेलाटी आहे, असं म्हणायचंय नानाला.” विहीणबाई हसल्या. लग्न झालं. वहिनी अजून मामांच्या शब्दाला अंगठा देते, यावरून तिचा स्वभाव कळावा.

आईला इंग्रजी बेतास बात. पण समानार्थी म्हणजे काय, हे तिला मामांपेक्षा पक्कं ठाऊक आहे. बारीक माणसासाठी तिच्याकडे शेलाटी, सडपातळ, किडकिडीत, काटकुळा, हडकुळा आणि रोड (नाशिकचा नव्हे) एवढे शब्द आहेत, आणि त्यांतला कोणता सुनेसाठी आणि कोणता शेजारणीसाठी, यात तिची एकदाही गफलत झालेली नाही. इंग्रजीतही हेच आहे. ‘स्लेंडर’ म्हणजे शेलाटी, ‘स्किनी’ म्हणजे काटकुळी. रकान्यात शेजारी बसले म्हणून ते एका पंगतीला चालत नाहीत.

नियम ४. प्रत्येक शब्दाला एक विरुद्धार्थी शब्द असतोच, असं मानावं. नसेल तर ‘अन’ लावून तयार करावा.

हा नियम पाळणाऱ्याने आधी ‘पातळ’चा विरुद्धार्थी सांगावा. वरण असेल तर घट्ट, कागद असेल तर जाड. आणि आजीचं नऊवारी पातळ असेल तर गप्प बसावं. अर्थ बदलला की विरोधकही बदलतो. काही शब्दांना तर बाहेरचा विरोधक लागतच नाही. बँकेने कर्ज ‘सँक्शन’ केलं की आपण पेढे वाटतो. मोठ्या देशाने छोट्या देशावर ‘सँक्शन’ लावलं की तिथे पेढ्यांचे वांधे होतात. हा शब्द ग्रुपवर आला तेव्हा मामांनी विरुद्धार्थीच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मामांची ती सर्वांत अचूक नोंद असावी.

अमेरिकेला शिकायला निघालेल्या आमच्या पिढीने जीआरई या प्रवेशपरीक्षेसाठी बॅरन्सच्या पुस्तकातली ३५०० शब्दांची यादी अशीच जोड्या लावून घोकली. ऑगस्ट २०११मध्ये जीआरईने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्नच काढून टाकले. आमचे शब्द जागेवर राहिले, परीक्षा पुढे निघून गेली.

नियम ५. उजळणी करू नये, नव्या शब्दाचा अपमान होतो. (करायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. बाकी सगळे नियम विसरलात तरी चालेल.)

नियम ६. शब्दाचं मूळ शोधावं. पण चारचौघांत शोधू नये.

नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ सालचं. मूळ धरा, फांद्या आपोआप हाती येतात, ही त्याची रीत. नाशिककराला ती सोपी जावी. शूर्पणखेच्या नाकावरून ज्या गावाचं नाव पडलं असं सांगतात, तिथल्या माणसाला ‘नेझल’ पाठ करायची काय गरज? नासिका आणि ‘नेझल’ एकाच घराण्यातले. तसेच दंत आणि ‘डेंटिस्ट’, मर्त्य आणि ‘मॉर्टल’, विधवा आणि ‘विडो’.

मामांना हे कळल्यापासून ते आवरेनासे झालेत. गेल्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो. ताट येताच मामा म्हणाले, “मिसळ आणि मिसलेनियस एकाच मुळातले.” टेबलावर असा हशा उसळला की भाच्याच्या नाकात रस्सा गेला. (नेझल.)

घरी येऊन मी गुपचूप कोश उघडला. संस्कृतातलं मिश्र आणि लॅटिनमधलं मिस्केरे सख्खे चुलत भाऊ निघाले. एकाच्या घरी मिसळ जन्मली, दुसऱ्याच्या घरी मिसलेनियस. मामा बरोबर होते. हे मी अजून ग्रुपवर टाकलेलं नाही. टाकलं तर मामा आठवी वही घेतील.

पण त्या हशाने मामांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांनी फरसाणावर लिंबू पिळलं, पापड मोडला, रिकाम्या वाटीकडे पाहिलं आणि पोऱ्याला हाक मारली, “ए, एक्स्ट्रा रस्सा आण रे.”

पोऱ्याने अर्थ विचारला नाही. ‘ई’च्या पानांवर हा शब्द मी पुढे शोधला. सातपैकी एकाही वहीत तो नाही.