पिशवी आणि भिशी

नगरच्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत कुणाची पिशवी काढायचं ठरलं, की ती बातमी सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या आधी घरी पोहोचते. रिपोर्ट घेऊन मी रिक्षातून उतरले, तर कोपऱ्यावरच्या काकू फाटकातच उभ्या.

"गाठी ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या चालण्यावरून वाटलंच."

चालण्यावरून गाठी कळायला लागल्या तर सोनोग्राफीची मशिनं भंगारात जातील. काकूंच्या भाचीची मैत्रीण लॅबमध्ये कामाला आहे, हे मला मागाहून समजलं.

या ऑपरेशनला पुरुषांच्या भाषेत "पोटाचं" म्हणतात. आमच्या ह्यांनी ऑफिसात "मिसेसचं छोटंसं ऑपरेशन" असं सांगून रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "अपेंडिक्स का?" हे "हो, साधारण तिथंच" म्हणाले. त्यामुळे पुढे दोन महिने ऑफिसातली मंडळी फोनवर माझ्या अपेंडिक्सची चौकशी करत होती, आणि मीही "बरं आहे आता" म्हणत होते.

त्या संध्याकाळी भिशीची तारीख नसताना भिशी भरली. आम्ही बारा जणी. इतक्या वर्षांत हळदीकुंकू झालं, डोहाळजेवणं झाली, लेकी-सुनांच्या पाळीपर्यंतच्या गप्पा झाल्या. पण आमच्यापैकी कुणाची पिशवी आहे आणि कुणाची गेली, याचा पत्ता नव्हता. माझा रिपोर्ट टीपॉयवर पडला आणि खातं उघडलं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "माझी दुर्बिणीतून. तीन भोकं." वरच्या वहिनींच्या जाऊबाई त्या दिवशी पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझी पोट उघडून. आडवा छेद." काकूंनी सगळ्यांवर मात केली. "माझी पाच महिन्यांच्या पोटाएवढी होती. डॉक्टरांनी ट्रेमध्ये घालून आमच्या ह्यांना दाखवली. हे तिथंच बाकावर आडवे झाले. सलाईन आधी त्यांना लावलं." यावर बराच वेळ कुणाला बोलता येईना.

आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात, त्यांचे जावईसुद्धा. माहेर जामखेडकडचं, बोलणं थेट. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि मला म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण काढायची का?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय म्हणाले ते नको. गाठ केवढी आहे, कुठे आहे? हिमोग्लोबिन किती? गोळ्या घेऊन पाहिल्यास? ती हार्मोनवाली तांबी बसवतात, तिचं विचारलंस? पाळी गेली की गाठी बहुधा आपोआप आक्रसतात, तुझी जायला किती अवकाश आहे? पिशवी म्हणजे काय दाढ आहे, ठणकली की उपट?"

गोळ्यांचं सोडलं, तर मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दहावीला तोंडी परीक्षेत झाली होती तशी माझी अवस्था झाली. सिस्टरबाईंनी भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून दिले आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पिटाळलं. खाली एक ओळ अधोरेखित केली होती: "बीजकोशही काढू म्हणाले तर आधी का ते विचारणे." पिशवी काढली तरी बीजकोश राहिले की हार्मोन्स चालू राहतात, हाडांना आणि हृदयाला ते लागतात, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, भिशीच्या वहीतून कळलं. शाळेत हा धडा होता. बाईंनी "घरी वाचा" म्हणून पान उलटलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिला. "हे कुणी लिहून दिलं?" म्हणाले. "आमच्या भिशीने," मी म्हटलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं नीट दिली. माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, वर्षभर गोळ्या झाल्या होत्या, गाठी अनेक आणि अडचणीच्या जागी. तेव्हा काढायची हेच ठरलं, बीजकोश ठेवायचे. वहीतल्या प्रश्नांसमोर सिस्टरबाईंनी बरोबरच्या खुणा केल्या, मगच मला परवानगी मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप कुठली? मोबाईलवर वाचत पडले. हे ऑपरेशन खालच्या मार्गाने 1813 साली जर्मनीत लँगेनबेक नावाच्या सर्जनने केलं. भूल देण्याचं औषध अजून यायचं होतं. मदतीला एकच जोडीदार, त्याला संधिवाताचा असा झटका आलेला की खुर्चीतून उठता येईना. तेव्हा डॉक्टरांनी एका हाताने रक्तस्राव दाबून धरला आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरून गाठ मारली. बाई वाचली! पण काढलेली पिशवी हरवली, आणि इतर डॉक्टर विश्वास ठेवीनात. बाई सव्वीस वर्षांनी वारली, तिचं शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे मान्य झालं की पिशवी खरोखरच नव्हती. सव्वीस वर्षं ती बाई जिवंत हिंडत होती, तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं का? मला त्या रात्री सर्जनपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटली. टाके ओले असताना तिच्याकडे पाणी कुणी भरलं असेल?

माझ्याकडची तयारी मात्र जय्यत होती. कापडबाजारातून पुढून बटणांचे सुती गाऊन आणले, कारण परकराची नाडी बरोबर टाक्यांवर येते. हे कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर छापलेलं नसतं. एक छोटी कडक उशी काकूंनी दिली. खोकला, शिंक किंवा हसू आलं की ती पोटावर दाबून धरायची. "शिंकेला उपयोग होतो," काकू म्हणाल्या, "हसण्याला पुरत नाही." अनुभवाचे बोल होते, पण ते मला नंतर पटले.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले, मी आठवर गेले आणि शुद्धीवर आले तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. पोट कापलं आणि खांदा दुखतोय, म्हणजे चुकून भलताच भाग काढला की काय? शेजारच्या कॉटवर शेवगावकडच्या एक आजी होत्या. त्यांनी कूस न बदलता निदान केलं. "दुर्बिणीचं हाय ना? पोटात ग्यास भरत्यात. तो वर खांद्याला चढतो. चालाय लाग, उतरंल." डॉक्टर सकाळी आले आणि हेच अर्धं इंग्रजीत म्हणाले: पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल डिवचलं जातं आणि कळ खांद्यात उमटते. आजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग दुसऱ्या गॅसचा अध्याय सुरू झाला. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी जागी झाल्याची ती खूण असते, आणि आमच्या वॉर्डात तोवर जेवणाचं नाव काढायचं नाही. शिकल्यासवरल्या घरातली मी. जन्मभर ज्या गोष्टीसाठी माणसांतून उठून गेले, तिच्यासाठी आता अख्खा वॉर्ड डोळे लावून बसला होता. डॉक्टर विचारत, "पास झाला?" नर्स विचारत, "झाला का?" आजींची सून विचारे, "ताई, सुटला का वारा?" सासूबाईंनी ओवा पाठवला. भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासातासाला विचारणा. अखेर पहाटे शुभवार्ता झाली. आजींनी दोन्ही हात जोडून विशाल गणपतीला नमस्कार केला. बँकेतल्या मॅडमनी ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं. त्या ग्रुपवर आमचे हेही आहेत, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. ह्यांनी विचारलं, "पेढे कशाबद्दल?"

घरी आले आणि बाळंतीण झाले. म्हणजे झालं असं, की पिशवी काढलेल्या बाईचं काय करायचं याची आपल्याकडे रीत नाही. बारशाची आहे, बाराव्याची आहे, याची नाही. मग बायका जी रीत येते ती लावतात. सासूबाईंनी कान बांधले. धुरी झाली. आत्याबाई श्रीगोंद्याहून हळिवाचे लाडू घेऊन आल्या. हळीव दूध येण्यासाठी देतात, असं मी दबकत म्हटलं, तर "येऊ दे की, कुणाचं काय जातंय" असं उत्तर मिळालं. या वाक्याला ती कडक उशी पुरली नाही. मी उशी दाबून रडत हसत होते. त्याच दिवशी सिस्टरबाईंनी दारावर कागद चिकटवला: "रुग्णास हसवू नये." तो वाचून येणारी प्रत्येक बाई दारातूनच हसत आत यायची.

सहा आठवडे वजन उचलायचं नाही. भरलेली बादली, पिठाचा डबा, कुकर, नातू, कशालाही हात नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि खरी परीक्षा पाण्याच्या दिवशी. पहिल्याच पाण्याला मी बाथरूममध्ये वाकून तांब्या बादलीत घातला, तेवढ्यात खिडकीतून काकूंची आरोळी आली, "ठेव तो!" गल्लीत चार बाजूंनी पहारा होता. आमच्या नगरच्या किल्ल्यात 1942 ते 45 पंडित नेहरूंना ठेवलं होतं. तिथं त्यांनी केवढा ग्रंथ लिहिला. मला माझ्या बंदिवासात भिशीचा हिशेबसुद्धा लिहू देत नव्हत्या. वही जड आहे म्हणे.

डब्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. पाळी सगळ्यांची, भाजी मात्र एकच: दुधी. शेवटी मी ग्रुपवर शेंगोळ्यांसाठी अर्ज केला. हुलगे जड पडतात म्हणून तो फेटाळला गेला.

आमच्याकडे भांड्याला एक मावशी येतात. मावशी म्हणायचं इतकंच, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. पाथर्डी तालुक्यातल्या. हा सगळा थाट त्या आठवडाभर बघत होत्या. एक दिवस पदराला हात पुसत माझ्या कॉटपाशी टेकल्या. "ताई, माझीबी काढलीय की."

"कधी?"

"धाकटा रांगत होता तवा. तिशीबी नव्हती. अंगावरून जायचं. डॉक्टर म्हणला, ठिवली तर क्यान्सर होईल. मुकादमानं उचल दिली ऑपरेशनला."

"मग किती दिवस झोपून होतीस?"

त्या हसल्या. उशी न धरता. "कोयत्याला कुठं झोप आली? नवरा-बायकू मिळून एक कोयता. एक दिवस पडून राहिलं की खाडा. खाड्याचे पैशे कापत्यात दोघांचे. टाके वाळले न वाळले तोच डोक्यावर मोळी."

पाथर्डीच्या पलीकडे बीडची हद्द लागते. 2019 साली तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर झाली. तीन वर्षांत 4605 शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मग बीडमध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, तेव्हा पाळीच नको असा सरळ हिशेब. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, याचा आम्हा नगरकरांना रास्त अभिमान आहे. हा हिशेब मात्र कुठल्या स्मरणिकेत छापलेला मी पाहिला नाही.

सिस्टरबाईंनी मावशींना एवढंच विचारलं, "तेव्हा तुला कुणी विचारलं का, काढायची का म्हणून?"

"कोण इचारणार? सगळ्या जणी मोळ्या उचलत व्हत्या."

सिस्टरबाईंच्या माहेराकडे, जामखेडला 1970 पासून आरोळे दांपत्याने अशाच गावच्या बायकांना, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. जिला कळलं तिने पुढचीला सांगायचं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. सिस्टरबाई हे लहानपणापासून बघत आल्या, म्हणून त्यांचा चष्मा आधी प्रश्न शोधतो. जामखेड ते पाथर्डी अंतर काही फार नाही. पण उसाच्या फडावर बायका सहा-सहा महिने गावाबाहेर, पालात. तिथवर प्रश्नांची वही कोण नेणार?

माझे टाके जिरले, इसबगोलही सुटलं. तोवर वरच्या वहिनींचा सोनोग्राफी रिपोर्ट आला. कसा कळला ते विचारू नका. पुन्हा बिनतारखेची भिशी भरली, माझ्याच घरी. काकूंनी कडक उशी धुऊन आणली होती. डब्यांच्या पाळ्या आधीच ठरल्या होत्या. या खेपेला दुधीबरोबर दोडकाही घ्यायचा असा ठराव झाला. सिस्टरबाईंनी चष्मा लावला, प्रश्न विचारले. गाठ एकच, लिंबाएवढी. त्रास फारसा नाही. हिमोग्लोबिन बारा. दुसऱ्या डॉक्टरांनाही वहिनी आधीच दाखवून आल्या होत्या, तेही म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

"म्हणजे काढायची नाही?" काकूंनी विचारलं. उशी हातातच होती.

"नाही."

क्षणभर सगळ्यांचा विरस झाला. वहिनींचा तर फारच. त्या बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, "मी ह्यांना सांगून ठेवलं होतं, सहा आठवडे मला काही जमणार नाही म्हणून."

सिस्टरबाईंनी वही मिटली. "मग झोप की. पाळ्या लागल्यात, डबे येतील. झोपायला पिशवी कशाला काढायला पाहिजे?"

दारात उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "पिशवी ठिवून झोपायचं? हे बेस हाय. माझी तर गेली, पर झोपायची राहिलीय. मलाबी लिवा यादीत."

सिस्टरबाईंनी त्यांचं नाव वहिनींच्या वर घातलं. पगार चालू, डबा घरपोच, एकमताने मंजूर. त्या आठवड्यात बारा घरांची भांडी कुणी घासायची, यावर मात्र ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. आमच्या ह्यांनी तो ग्रुप सोडला.