घराण्यातलं ॲल्युमिनियम

ज्याच्याकडे जुनी गाडी असते तो माणूस वेगळा आणि जो जुनी गाडी बाळगतो तो वेगळा. पहिल्याकडे नवी घ्यायला पैसे नसतात. दुसऱ्याकडे नवी असतेच. ती रस्त्यावर उन्हापावसात उभी असते आणि पार्किंगमधली शेडखालची जागा जुनीला दिलेली असते.

आमच्या सोसायटीतले फियाटकाका दुसऱ्या जातीचे. हे नाव इतकं पक्कं झालंय की कुरिअरवालाही तेच विचारत येतो. गाडी १९६७ची, फियाट ११०० डिलाइट, दुधी रंगाची. तिच्या दाराला हात लावलात की "हळू!" असा आवाज येतो. काका त्या वेळी कुठेही असोत, येतो. हौसेनं कुणी म्हणालं, "वा, व्हिंटेज!" तर त्याचा अर्धा तास गेला. व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०, त्यानंतरच्या त्या क्लासिक, हे काका लहान मुलांनाही समजावतात. पुढे २०२१ साली सरकारनं नियम काढला आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्या सरसकट व्हिंटेज ठरवल्या. काका आठवडाभर सरकारवर चिडले आणि मग अर्ज भरायला बसले. अर्जासाठी अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, फार मोठे फेरफार केलेले नकोत. ती वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू सरकारनं ती त्यांच्याच सल्ल्यानं घातली होती.

गाडीचं घराणं त्यांना तोंडपाठ आहे. वालचंद हिराचंद, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४, कुर्ल्याचा कारखाना. पुढच्या बाजूनं गुबगुबीत दिसणारी ती पन्नासच्या दशकातली 'डुक्कर फियाट' हे थोरलं घर. तिचं नाव काढताना आवाज खाली येतो. १९७४ नंतरची पद्मिनी म्हणजे मात्र "टॅक्सी". इंजिन तेच १०८९ सीसीचं, अंगकाठी बरीचशी तीच, पण काकांच्या लेखी ती भाऊबंदकीतली. तरी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा हेच गृहस्थ दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नव्हते. भाऊबंद गेला तरी सुतक लागतंच.

या गाडीला एकच व्याधी होती. ती गरम व्हायची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की डॅशबोर्डखाली वेगळ्यानं बसवलेल्या मीटरचा काटा चढायला लागे आणि घाटातल्या एका ठरावीक वळणावर बोनेट उघडावं लागे. डिकीत पाण्याचे दोन कॅन, एक जाड फडकं आणि बसायला स्टूल असा सरंजाम कायमचा. तापलेल्या रेडिएटरचं टोपण लगेच उघडायचं नसतं. आत दाब असतो, वाफ सरळ तोंडावर येते. म्हणून काका स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीची माहिती द्यायचे. मला तर वाटतं गाडी थंड व्हायला वीस मिनिटं लागत आणि माहिती थंड व्हायला चाळीस.

पुढे रेडिएटर गळायलाही लागला. रेडिएटर थेंबथेंब गळत असेल तर त्यात हळद टाकायची, हा ड्रायव्हर मंडळींचा जुना तोडगा. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन अडकते आणि गळती थांबते, तात्पुरती. काकांनी यातलं 'तात्पुरती' तेवढं सोडलं आणि बाकी सगळं घेतलं. काही वर्षं काकूंच्या मिसळणाच्या डब्यातली हळद निम्मी आमटीत आणि निम्मी बोनेटखाली जात होती. शेवटी नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्यानं गॅस लावून वरची पितळी टाकी सोडवली, आत डोकावला आणि अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, ह्याला फोडणी कुणी दिली?"

पाइप तुंबलेले होते. सळई मारून साफ करावेत तर ते कुजलेले. सळई एका बाजूनं घालायची आणि दोन्ही बाजूंनी निघायची. नवी तांब्याची जाळी बांधून देतो म्हणणारे कारागीर आता कमी, आणि जे आहेत ते "पुढच्या महिन्यात या" म्हणणारे. काकांचे मेकॅनिक, ज्यांना सगळं गाव उस्ताद म्हणतं, त्यांनी सहज सुचवलं, "मारुतीचा बसवून टाकू. थोडं कापाकापीत बसतो." काकांनी उत्तर दिलं नाही. हातातला चहा तसाच ठेवून ते गॅरेजच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मारुतीचा! प्लॅस्टिकच्या टाक्यांचा! उस्तादांनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण त्यांनी दुसरा चहा मागवला.

मग भोसरीतल्या एका वर्कशॉपचा पत्ता निघाला. तिथे मापानं ॲल्युमिनियमचे रेडिएटर करून देतात, आर्गॉन वेल्डिंगनं. वर्कशॉपवाला पोरगा तिशीच्या आतला. काका तयारीनं गेले होते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता चारशेच्या घरात, ॲल्युमिनियमची दोनशे चाळीसच्या आसपास. मग चांगलं टाकून हलकं कशाला घ्यायचं, असा त्यांचा बिनतोड सवाल. पोरगा म्हणाला, "काका, तांबं तुमच्या फक्त पट्ट्यांना आहे. पाइप पितळेचे, ते सव्वाशेच्याही खाली. आणि पट्टी पाइपाला कशानं धरलीय? शिसं-कथलाच्या झाळकामानं. ती झाळ पन्नासच्या आसपास. माझ्यात झाळच नाही, एकसंध जोड. पाइप रुंद आहेत, पट्टीला जास्त चिकटून बसतात. वजन उचलून बघा." काकांनी एका हातानं उचललं आणि पटकन खाली ठेवलं. मोलाची वस्तू जड असते, असं मानणारी ती पिढी.

खरा घाव उस्तादांनी घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फियाटचं बोनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं इंजिनवर टकटक केलं.

"हे काय आहे?"

"हेड."

"कशाचं?"

"ॲल्युमिनियमचं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मूळचं तसंच आहे."

"कंपनीनंच दिलंय?"

"म्हणजे काय! थेट तूरिनहून चालत आलंय."

उस्ताद पुढे काही बोलले नाहीत. काका बराच वेळ हेडकडे पाहत राहिले. संध्याकाळी कट्ट्यावर ते आम्हाला सांगत होते, "ॲल्युमिनियम काही बाहेरचं नाही बरं का. घराण्यातलंच आहे."

माप देण्यासाठी काकांनी मिक्सरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापला. तोही असा की कंपनीनं पाहिला असता तर नोकरीवर घेतलं असतं. बाकी सगळं मिलिमीटरमध्ये आणि एकच गोष्ट मराठीत: "खालचं तोंड डावीकडे." रेडिएटर आला, चकाकत होता, आणि खालचं तोंड नेमकं बॅटरीच्या बाजूला.

"गाडीची डावी म्हणजे गाडीत बसल्यावरची डावी, हे सांगायला लागतं?" काका फोनवर कडाडले.

"मी गाडीत नव्हतो ना काका, समोर उभा होतो," पोरगा म्हणाला.

यावर बोलण्यासारखं खरोखर काही नव्हतं, म्हणून काका फार वेळ बोलले. पोरग्यानं ते तोंड बुजवून दुसरीकडे काढून दिलं आणि जादा पैसे घेतले नाहीत, हे त्याचं मोठेपण. बुजवलेल्या जागी एक गोल व्रण राहिला. तो काका आजही कुणाला दाखवत नाहीत. मला दिसला कारण मी टॉर्च धरला होता.

बसवायचा मुहूर्त रविवार सकाळचा. सोसायटीतली सगळी पुरुषमंडळी दूध आणायच्या निमित्तानं खाली. जुना रेडिएटर निघाला, नवा आत गेला आणि उस्ताद थांबले. नवा जाळीत जरा जाड होता, मागच्या बाजूनं पंख्याच्या जवळ आलेला. पाती आणि जाळी यांच्यात अंतर किती, हे बोट घालून कळत नव्हतं. उस्तादांनी वर बघून हाक मारली, "वहिनी, थोडी कणीक मिळेल का? मळलेली." काकूंनी गॅलरीतून एक वाक्य ऐकवलं, ते इथे देत नाही, पण कणीक पाठवली. उस्तादांनी तिचा गोळा पात्याच्या टोकाला चिकटवला, रेडिएटर जागेवर ठेवून बोल्ट आवळले, पुन्हा काढला. गोळ्याचा फुलका झाला होता. इंच नाही तरी त्याच्या जवळपास जागा हवी. चालत्या गाडीत इंजिन रबरावर हलतं आणि पातं एकदा जाळीला लागलं की नवा रेडिएटर आणि जुनी समजूत दोन्ही फाटतात.

"पात्याची टोकं घासू का थोडी?" मदतनीस पोरानं विचारलं.

"मूळ पंख्याला ग्राइंडर लावलास तर बघ," काका म्हणाले. मग रेडिएटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची भोकं कानशीनं लांबवून तो पुढे सरकवला. कानस काकांनी स्वतः मारली, दीड तास, एकेक भोक फुंकून. दोन कणकेच्या गोळ्यांनंतर उस्ताद "बस" म्हणाले. पट्टी आणि रेडिएटर यांच्यात रबराचे तुकडे घातले, म्हणजे हादरेही नकोत आणि धातूला धातूही लागायला नको.

एवढ्यात जावईबुवा मल्टिमीटर घेऊन उतरले. आयटीतले जावई सासरी एरवी नुसते सोफ्यावर असतात, पण त्या दिवशी त्यांनी खरंच उपयोगी काम केलं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी रेडिएटरच्या तोंडातून आतल्या पाण्यात बुडवली, आणि आकडा दिसला! जुन्या गाड्यांच्या अर्थिंगच्या तारा गंजून सैल झालेल्या असतात. मग वीज पाण्यातून वाट काढते आणि ॲल्युमिनियम आतून खात सुटते. पितळ हे बरंच मुकाट सोसतं, ॲल्युमिनियम सोसत नाही. अर्थिंगची तार काढून घासून पुन्हा आवळल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर आला. काकांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची पहिलीच, असं काकू म्हणतात.

पाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. ही गाडी इतकी वर्षं खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यावर वाढलेली. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदायचे तर त्यात गंजरोधक कूलंट हवं आणि पाणी डिस्टिल्ड. काका पाच लिटरचे कॅन घेऊन जिन्यानं चढत असताना काकू दारात उभ्या होत्या. "अहो, बीपीच्या गोळ्या घेता त्या नळाच्या पाण्याबरोबर, आणि तिला डिस्टिल्ड?" त्या विचारत होत्या. रेडिएटरची किंमतही काकूंना निम्मीच सांगितली गेली होती, पण तो विषय माझा नाही.

वर्कशॉपवाल्यानं नव्या तोंडाला तेरा पौंडाची कॅप दिली होती. दाब जितका जास्त तितकं पाणी उशिरा उकळतं. पौंडामागे साधारण दीड अंश, हे गणित बरोबर. पण उस्तादांनी ती खिशात टाकली आणि सात पौंडाची लावली. "रेडिएटर नवा आहे साहेब, वॉटर बॉडी आणि होज पाइप नाहीत. तेरा पौंड म्हणजे म्हाताऱ्याला तालमीत पाठवणं." हे ऐकून काका का कोण जाणे जरा दुखावले.

आता उरली ती चकाकी. बोनेट उघडलं की आतून आरसा चमकायचा आणि मूळ रूपाची अट डोळ्यांपुढे यायची. रात्री शेडमध्ये काकांनी काळ्या रंगाचा पातळ हात मारला. जाड मारला तर उष्णता अडते, हे त्यांनी भोसरीला फोन करून विचारून घेतलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांचे एक समव्यसनी गृहस्थ आले. असे लोक दुसऱ्याच्या गाडीकडे लोहचुंबक घेऊनच येतात. पत्र्याखाली लांबी किती भरलीय ते त्याशिवाय कळत नाही. मडगार्ड झालं, दारं झाली, मग बोनेट उघडून त्यांनी चुंबक रेडिएटरला लावला. तो चिकटला नाही. पाहुणे समाधानानं म्हणाले, "पितळ. ओरिजिनल!" चुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही, ही निसर्गाची काकांवरची मेहेरबानी. काका एरवी निसर्गाचे गुण समजावून सांगायला कधी चुकत नाहीत. त्या दिवशी ते चहा सांगायला आत गेले.

व्हिंटेज नोंदणीचा तो अर्ज मात्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. कारण एकदा तशी नोंद झाली की गाडी रोजच्या रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि साताऱ्याला पुतणीचं लग्न होतं. जुना रेडिएटर वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या कॉटखाली गेला. भंगारवाल्यानं पितळेचा भाव सांगितला तेव्हा काकू लगेच तयार झाल्या होत्या.

लग्नाला आम्ही चौघं त्याच गाडीतून गेलो. खंबाटकी लागला. काटा मध्यावर. पहिलं वळण, मध्यावर. काकांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. दुसरं वळण, काटा तिथेच. काका अस्वस्थ. "मीटर गेला बहुतेक," ते पुटपुटले. जावई मागून म्हणाले, "बाबा, मीटर ठीक आहे, गाडी ठीक आहे." त्यावर काकांनी जे केलं ते आम्ही अर्धवट ओळखूनच होतो. ते ठरावीक वळण आलं, गाडी कडेला गेली, बोनेट उघडलं, डिकीतून स्टूल निघालं. कारण विचारलं तर म्हणे, "जरा वारा खाऊ दे तिला."

दोन मिनिटांत मोटरसायकलवरची दोन पोरं थांबली. एकानं बाटली पुढे केली, "काका, पाणी देऊ? गरम झालीय का?" काका ताठ झाले. "गरम? ही?" दुसरा तोवर गाडीभोवती फेरी मारून आला होता. अगदी आदरानं त्यानं विचारलं, "ॲम्बॅसेडर ना ही?"

काकू गाडीतून उतरल्या आणि त्यांनी पर्समधली वेणी काढून तिथेच माळली. पुढे वेळ मिळणार नाही हे त्यांना कळलं होतं. काकांनी वालचंद हिराचंदांपासून सुरुवात केली. आम्ही साताऱ्याला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि दुसरी पंगतही उठत होती. रेडिएटरचा यात काडीचाही दोष नव्हता.