पप्पांना विचारून पळून जाणारे

ऐकलंत का? आमच्या दोंडाईच्यात पोरं-पोरी पळून जायला लागल्यात. दचकू नका, घरच्यांना विचारून. साखरपुडा झालेला असतो, पत्रिका छापायला टाकलेली असते, मंगल कार्यालयाला इसार दिलेला असतो आणि मग एका पहाटे नवरदेव-नवरी 'पळून' जातात. सोबत नवरीची आत्या, नवरदेवाचा मावसभाऊ, मेकअपवाली, तिची मदतनीस, कॅमेरेवाला, ड्रोनवाला आणि चंदेरी पुठ्ठा धरायला एक पोरगं. मागून छोट्या हत्तीत चार जोड कपडे, एक पांढरी सायकल आणि शेवभाजीचा डबा. निघताना नवरीची आई दही-साखर हातावर ठेवते. एवढ्या बंदोबस्तात आमच्याकडे वरातसुद्धा निघत नाही.

याला एलोपमेंट शूट म्हणायचं. नुसतं प्री-वेडिंग आता जुनं झालं, ते तर तलाठ्याच्या पोरीनेही केलं. आता डोंगर पाहिजे, कडा पाहिजे, पायात ट्रेकिंगचे बूट आणि अंगावर चार मीटर लोळणारा भाड्याचा गाऊन पाहिजे. जगाला पाठ दाखवून दोघंच निघाल्यासारखं दिसलं पाहिजे. शेजारच्या आजींना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात सरकवली आणि एकच शंका काढली, "पयी जानं शे तं मायबापले कसाले इचारतस?" याला उत्तर एकच आहे, आणि ते मायबापांच्या खिशात आहे.

परवा एका वधूपित्याने पॅकेज ऐकलं. 45,000. माणूस शेतकरी, त्याने लगेच मनात कापूस मोजला. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता. म्हणजे पोरगी खोटंखोटं पळून जायचे सहा क्विंटल. "खरंच गेली असती तर फुकटात झालं असतं," असं तो ओट्यावर बसून म्हणाला म्हणतात. बायकोने आतून भांडं आपटलं, तेव्हा गप्प झाला.

पूर्वी कसं होतं? मुलगी दाखवायचा एक उभा फोटो. स्टुडिओत पाठीमागे रंगवलेला ताजमहाल, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, हात कुठे ठेवायचे ते फोटोग्राफर ओरडून सांगायचा. मग व्हिडिओ शूटिंग आलं. डोक्यावर हॅलोजन धरलेला माणूस पंगतीत फिरला की जेवणाऱ्याचा घास हातातच राहायचा. मिक्सिंगमध्ये गुलाब उमलायचा आणि त्यातून नवरी बाहेर यायची, कमळातून नवरदेव. ते पाहून कोणी हसत नसे; उलट पाहुणे आले की कॅसेट लावली जाई आणि सगळ्यांना आपापला घास हातात धरलेला दिसे. त्या काळी फोटोग्राफर लग्नाला यायचा. आता लग्न फोटोग्राफरच्या तारखेला येतं.

आणि जागा तरी किती काढल्या आहेत! खान्देशात ऊन, धूळ आणि मिरची यांपलीकडे काही नाही असं बाहेरचे समजतात. पर्यटन खातं 2016 ते 2019 आमच्याच गावच्या मंत्र्यांकडे, जयकुमार रावलांकडे होतं, पण गल्लीतल्या कॅमेरेवाल्यांनी शोधलेली पर्यटनस्थळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडायची नाहीत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या म्हणजे यांचं हॉलंड. लळिंगचा किल्ला म्हणजे राजस्थान. सुलवाड्याच्या बॅरेजचं पाणी म्हणजे मालदीव. तोरणमाळला तर विचारू नका. सातपायरी घाटाच्या वळणावर एक जोडी उतरते, सीताखाईच्या टोकाला दुसरी, यशवंत तलावावर तिसरी. तिघींचे गाऊन एकाच दुकानातले, म्हणून एकमेकींकडे बघत नाहीत.

सगळ्यांत खमंग प्रकार मात्र गावातच झाला. दोंडाईच्याची लाल मिरची आसपासच्या सगळ्या बाजारांना ठाऊक. हंगामात ती पथारीवर वाळत टाकलेली असते, जिथवर नजर जाईल तिथवर लाल. एका कॅमेरेवाल्याच्या डोक्यात आलं की हा तर देवाने अंथरलेला रेड कार्पेट आहे. नवरीला पांढरा गाऊन, नवरदेवाला काळा सूट, दोघांना मधोमध उभं केलं. मिरची खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून कडेला बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने सांगितलंही, "बाई, नाक बांध." पण नाक बांधून रील होत नाही. ड्रोन वर गेला, कॅमेरेवाल्याला तो खाली हवा होता, म्हणून खाली आणला, आणि त्याच्या पंख्यांच्या वाऱ्याने जो खकाणा उठला! नवरदेव शिंकतोय, नवरी डोळे चोळतेय, चोळल्यामुळे आणखी आग होतेय, काजळ हनुवटीपर्यंत आलंय, आत्याने घाबरून पाण्याची बाटली नवरीच्या ऐवजी मेकअपवालीच्या डोक्यावर ओतली. कडेच्या बायका फडक्याआड हसून हसून लवंडल्या. वाया काही गेलं नाही म्हणा. ते डोळ्यांतलं पाणी कॅमेरेवाल्याने जपून ठेवलं आणि अल्बममध्ये 'विदाई'च्या पानावर लावलं. मावश्या बघून हळहळल्या, किती रडली गं पोर!

आता या धंद्यातला जो सर्वांत नावाजलेला भाऊ आहे त्याच्याविषयी सांगते. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. गळ्यात तुळशीमाळ, कपाळाला बुक्का, वर्षातून एकदा सप्तशृंगीला पायी. साहसी पलायनांचा हा छायाचित्रकार देवभोळा नाही, देवकडक आहे. अमावास्येचं बुकिंग घेत नाही. पहिली फ्रेम कुलदैवताची. तुमची देवी पाटणची आशापुरी असो, चिमठाण्याची पेडकाई असो की धुळ्याची एकविरा, तिथे नारळ फुटल्याशिवाय लेन्सचं झाकण निघणार नाही. पळून जाणारी जोडी आधी देवळाच्या रांगेत उभी राहते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे पोझ देताना त्याचे स्वतंत्र नियम. हातात हात चालेल, कपाळाला कपाळ चालेल, त्याखाली काही नाही. एका पुण्याच्या जावयाने जरा जास्त प्रगती दाखवली तर भाऊने कॅमेरा पिशवीत घातला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन हरिपाठ म्हणत बसला. जावई सरळ होईपर्यंत उठला नाही.

त्याच्या ड्रोनला लिंबू-मिरची बांधलेली असते. इथे एक कायद्याची गंमत आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात, त्याला कटकटी कमी. बाजारात 249 ग्रॅमचे ड्रोन त्यासाठीच मिळतात. भाऊचाही तसलाच. म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधलं की यंत्र लगेच वरच्या वर्गात जातं! कोणी तरी हे त्याच्या लक्षात आणून दिलं. तेव्हापासून म्हणे तो सुकलेलं लिंबू बांधतो.

चेष्टा करते खरी, पण एक मान्य करावं लागेल. कड्याच्या टोकावर उभं राहायला तो कोणालाच सांगत नाही. पोरं हट्ट करतात, पैसे वाढवून देतात. त्याचं म्हणणं, देवाने जीव दिला तो रीलसाठी नाही. बाकीचे कॅमेरेवाले "अजून एक पाऊल मागे, मॅडम" म्हणत असतात तेव्हा हा एकटा माळकरी "पुढे या ताई" म्हणतो. श्रद्धेचा एवढा रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे वेड आलं कुठून? अमेरिकेतून, दुसरीकडून कुठून येणार. तिकडे खरोखर पाहुण्यांना फाटा देऊन, पाठीला सॅक लावून, डोंगरावर जाऊन लग्न करतात आणि त्यांचे फोटो काढणं हाच काहींचा पूर्णवेळ धंदा आहे. त्यांतले कित्येक फोटोग्राफर आपली ओळख देताना आधी येशूवरची श्रद्धा सांगतात, मग कॅमेरा. म्हणजे आमचा भाऊ अगदीच एकटा नाही. कोलोरॅडोत तर नवरा-नवरी स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात. भटजी नको, साक्षीदार नको. काही जोडपी लग्नाच्या कागदावर लाडक्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा उमटवतात! हे आजींना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा रक्तदाब आधीच वर असतो. महाराष्ट्रही मागे नाही म्हणा. कोल्हापूरकडे काही वर्षांपूर्वी एका गिर्यारोहक जोडप्याने दरीवर दोराला लटकून एकमेकांना माळा घातल्या होत्या, आणि मंगलाष्टकं म्हणायला भटजीही लटकले होते. दक्षिणा काय ठरली होती, ते कुणी छापलं नाही.

भाऊला मात्र अमेरिकेचं नाव काढलेलं खपत नाही. तो म्हणतो, हे सगळं आपलंच आहे. रुक्मिणीचं बघा. कौंडिण्यपूर विदर्भातलं, वर्धा नदीच्या काठचं. घरच्यांनी शिशुपाल ठरवलेला. पोरीने स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावलं, लग्नाआधी अंबिकेच्या देवळात जाऊन पाया पडली आणि तिथून थेट रथात. देऊळ आहे, मोकळं रान आहे, पाठलाग आहे, लढाई आहे. नव्हता फक्त कॅमेरेवाला. आणि गंमत पाहा, एकनाथांनी 1571 मध्ये काशीत लिहून पुरं केलेलं 'रुक्मिणी स्वयंवर' आपल्या उपवर मुलींना वाचायला बसवतात, लग्न जमावं म्हणून. पळून गेलेल्या मुलीची पोथी, आणि वाचायची कशाला, तर आई-वडिलांनी ठरवलेलं स्थळ लवकर यावं म्हणून! इतकी वर्षं घरोघर पारायणं झाली, एका बापाला शंका आली नाही.

कारण खरे पळणारे पोथी वाचत बसत नाहीत. ते सुरतेची गाडी धरतात. भुसावळ-सुरत लाइन गावातूनच जाते. रात्रीची वेळ, तोंडाला स्कार्फ, एक कॉलेजची बॅग, तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला. तो मात्र आठवणीने घेतात, कारण वयाचा पुरावा तोच. आत्या नाही, मेकअपवाली नाही, दही-साखर नाही. बिचाऱ्यांचं चुकतं एवढंच की सुरतेत निम्मा खान्देश राहतो. काका उधन्याला, मामा लिंबायतला, मावशीचा दीर स्टेशनबाहेर रिक्षा लावून उभा. गाडी फलाटाला लागायच्या आत दोंडाईच्यात फोन. जे शहाणे, ते उलट्या दिशेला आळंदी गाठतात. तिथे कागदपत्रं पूर्ण असली की लग्न लावून देणारी कार्यालयं आहेत. फोटो तिथेही काढतात, पण त्यात सूर्यास्त नसतो. दोन हार, मागे कार्यालयाची पाटी, नवरीची नजर दाराकडे. तो फोटो एलईडी वॉलवर लागत नाही. पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवायला लागतो. आणि जात-धर्म वेगळे असले, 1954 च्या विशेष विवाह कायद्याने जायचं म्हटलं, तर आधी नोटीस द्यायची, ती कचेरीच्या फलकावर लागणार आणि 30 दिवस थांबायचं. महिनाभर फलकावर नाव लावून पळून जा म्हणे!

असल्या लग्नाचं काम भाऊ घेतो का? यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, हात जोडून नाही म्हणतो, "मला याच गावात राहायचंय." दुसरा म्हणतो, रात्री शटर अर्धं खाली ओढून पासपोर्ट फोटो काढून देतो, पैसे घेत नाही, वर अंगारा देतो. मी विचारलं तर विठ्ठल विठ्ठल म्हणून विषय बदलला. त्यावरून ज्याने त्याने काय ते ओळखावं.

समाजाच्या पुढाऱ्यांना या शूटिंगच्या प्रकाराने फेस आला आहे, ते वेगळंच. 2019 मध्ये भोपाळला गुजराती, जैन आणि सिंधी मंडळींनी प्री-वेडिंगवर बंदीचे ठराव केले. 2025 साली आपल्याकडे मराठा समाजाच्या बैठकांत ज्या आचारसंहिता निघाल्या, त्यांनीही यावर बोट ठेवलं. आमच्याकडेही सभा होतात. परवाच्या सभेत एक अप्पा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, हा निर्लज्जपणा थांबला पाहिजे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कोणी तरी त्यांच्याच नातवाची रील चालू केली. पवनचक्कीखाली धूर सोडून काढलेली, गुलाबी धूर, आणि कडेला धुराचं नळकांडं धरून उभे असलेले हेच अप्पा! "मला काय माहीत, पोराने धरा म्हटलं, मी धरलं," एवढंच बोलून खाली बसले.

सध्या चर्चा आहे ती दत्तजयंतीच्या बुकिंगची. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. गावातल्या एका घराने तिथून पांढरा घोडा भाड्याने ठरवला आहे. थीम अर्थातच रुक्मिणीहरण. नवरी देवळातून निघणार, नवरदेव घोड्यावर उचलून घेणार. (उचलण्याचा सराव सिमेंटच्या गोणीवर चालू आहे.) मागून रुक्मिणीचा भाऊ रुक्मी पाठलाग करणार, बुलेटवर. रुक्मीच्या कामाला नवरीचा सख्खा भाऊ तयार झालाय, आणि त्याला सराव लागणार नाही असं सगळं गाव म्हणतं. गेल्या वर्षी चुलतबहीण खरंच गेली तेव्हा चार मित्रांना घेऊन सुरतेपर्यंत गाडी हाकणारा हाच. आता मात्र त्याची एक अट आहे. कथेत कृष्ण रुक्मीला पकडून त्याची मिशी भादरतो, ती भादरू देणार नाही म्हणतो. कॅमेरेवाला भाऊ म्हणतो, शास्त्र सोडून मी काम करत नाही. नवरी रडकुंडीला आली आहे. वडील म्हणाले, मिशी कॉम्प्युटरवर काढा ना. निघते म्हणे, त्याचे पैसे वेगळे. म्हातारा पुन्हा कापूस मोजायला बसलाय.