घर्रघर्र

परवा सकाळी मी कुंपणावरच्या वालाच्या शेंगा तोडत होतो, तर पलीकडून काकाजींची हाक आली.

"बापू, तुले लॅपटॉपातलं समजते ना?"

"काय झालं, काकाजी?"

"अगा, पोरगी लॅपटॉप ठेवून गेली. भाच्यानं मंडईच्या नाटकाचं शूटिंग टाकून देलं त्यात. पाहाले बसलो तं बोलणं ऐकूच येत नाही. अना वरतून नुसती घर्रघर्र!"

आमच्या अर्जुनी मोरगावकडे नाटक ही काही थट्टेची गोष्ट नाही. दिवाळी सरली की मंडईच्या जत्रा भरतात आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं होळीपर्यंत गावोगाव रंगतात. वडसा म्हणजे काही दूर नाही, गोंदिया-बल्लारशा लाइनीवर आमच्या पुढंच. आमच्या या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा काकाजी आठवडाभर घरचाच सत्कार झाल्यासारखे फिरत होते. रात्री पडदा उघडल्यापासून तांबडं फुटेपर्यंत आपण पापणी हलवत नाही, असा त्यांचा लौकिक. म्हणजे ते स्वतःच सांगतात.

"ठेवला कुठं लॅपटॉप?" मी विचारलं.

"खाटेवर. गोधडीवर."

"तिथंच घात झाला! याचे स्पीकर पोटाखाली आहेत. तुम्ही त्याच्या तोंडात गोधडीचा बोळा कोंबला."

काकूंनी आतून जेवायचा पाट आणला. लॅपटॉप पाटावर बसला, आणि इतका वेळ पुटपुटणारा नायक एकदम खणखणीत बोलू लागला. लाकडावर आपटून आवाज समोर येतो, गोधडी तो पिऊन टाकते.

"पण हा चिरकून काहून राह्यला?"

पाहिलं तर काकाजींनी प्लेअरमध्ये आवाज शंभराच्या पुढं ताणलेला. भोंगेवाल्यानं मशीन जास्त पिळलं की नायिकेचा गळा फाटतो ना, तसंच हे. शंभरानंतर आवाज फार वाढत नाही, त्याचे शेंडे तेवढे छाटले जातात. खाली आणला, तर शब्द सुटे झाले.

"आता डग्गा ऐकव," काकाजी म्हणाले. "तबल्याची नुसती टिकटिक येऊन राह्यली."

"ते या डबीतून होणार नाही, काकाजी. डग्गा घुमायला हवा ढकलावी लागते. याचा पडदा बोटाएवढा, तो किती ढकलणार? फडताळावरचा जुना स्पीकर काढा. वायरवाला आहे तेच बरं. ब्लूटूथवाल्यात कधी कधी ओठ आधी हलतात अन् बोलणं मागून येतं."

धूळ झटकून पिन खोचली. डग्गा घुमला. काकाजींचा चेहरा असा फुलला, जणू समोर पडदाच उघडला. पण त्याबरोबर एक नवीनच 'घूंऽऽ' सुरू झालं.

"चार्जर कुठं लावला?"

"त्याची तिसरी पिन जात नव्हती बोर्डात. मंग दोन पिनांचा जोड लावला."

"म्हणजे अर्थिंगच तोडली. काढून पाहा."

चार्जर काढला, घूं बंद. मी शेंगांची टोपली उचलणार, तोच काकाजी म्हणाले, "थांब बापू. घर्रघर्र आहेच ना अजून! उलट आता जास्त साफ येऊन राह्यली."

खरंच होती. एका लयीत वर जायची, क्षणभर थांबायची, मग सुस्कारा टाकून खाली यायची. मी सेटिंग चाळली, पिन फिरवून पाहिली. काही फरक नाही.

काकू दारात उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "बापू, कायले मशीनच्या मागं लागला? तो बिघाड नाही. भाचा मोबाईल धरून यायच्याच बाजूले बसला होता."

माझ्या डोक्यात उजेड पडला. मोबाईलचा माईक गरीब, जवळचं असेल ते आधी उचलतो. स्टेज तिकडं लांब आणि काकाजी हाताच्या अंतरावर. आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार.

"दुसऱ्या अंकातच आडवे झाले होते," काकू म्हणाल्या. "हा राग मी तीस वर्सं ऐकून राह्यली. मले नाही ओळखू येणार?"

काकाजी काही बोलले नाहीत. थोडा वेळ डग्ग्याकडं कान दिल्यासारखं केलं. मग हळूच वाकले आणि चार्जर परत लावला.

घूंऽऽ सुरू झालं. घर्रघर्र त्यात बुडून गेली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.