वाळू, मीठ आणि घंटागाडी

शाळेच्या विज्ञानात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. वाळू, मीठ आणि नवसागर यांचं मिश्रण कसं वेगळं कराल? उत्तरही ठरलेलं आहे. आधी तापवा. नवसागर धूर होऊन वर जाईल आणि उपड्या ठेवलेल्या नरसाळ्याला आतून पांढरा होऊन चिकटेल. उरलेल्यात पाणी घाला. मीठ विरघळेल, वाळू गाळणकागदावर राहील. मग पाणी आटवा, मीठ हाती येईल. तीन पदार्थ, तीन गुण. पण हे तिघं मुळात एकत्र आले कसे, हे प्रश्नपत्रिकेत कधीच नसतं. मिसळणारा नामानिराळा राहतो आणि निस्तरायला सातवीचा विद्यार्थी!

मोठं झाल्यावर कळतं, की प्रश्नपत्रिका अगदी जगरहाटीला धरून होती.

प्रयोगशाळेत कळकट नरसाळ्याशी आमची झटापट चालू असताना, ह्या विषयातल्या खऱ्या तज्ज्ञ घरी ओट्यापाशी बसलेल्या होत्या. त्यांना कुणी रसायनशास्त्र शिकवलेलं नव्हतं. पण ज्वारी पाखडायची कधी आणि घोळायची कधी, हे त्यांचं कधी चुकत नसे. पाखडताना सूप वर-खाली उडतं, हलकी फोलं वाऱ्याबरोबर पुढे जातात आणि दाणा जड म्हणून परत सुपात येतो. घोळताना तेच सूप गोल फिरतं आणि खडे एका कडेला गोळा होतात. तरी एखादा दाण्याएवढाच खडा लपून बसला, तर धान्य पाण्यात रोळायचं. दाणे वर उचलले जातात, खडा तळाशी राहतो. पीठ चाळायचं, चहा गाळायचा, ताक घुसळायचं, आमसुलं वाळवायची. क्रमिक पुस्तकातला अख्खा धडा दुपारी चारच्या आत आटोपलेला असे आणि त्याला ‘काम’ म्हणायचीही कुणाला गरज वाटत नसे.

ह्या सगळ्या खटाटोपामागचं तत्त्व एकच. मिसळलेल्या दोघांत एक तरी फरक शोधायचा आणि त्या फरकाला थोडा वाव द्यायचा. आकार वेगळा असेल तर चाळणी. वजन वेगळं असेल तर वारा. विरघळणं वेगळं असेल तर पाणी. उकळणं वेगळं असेल तर आच. लोखंड असेल तर चुंबक; पिठाच्या गिरणीत दळणाबरोबर जात्यात जाऊ नयेत म्हणून धान्यातले खिळे-चुका तो मुकाट पकडून ठेवतो. भौतिक पद्धतींचा मोठेपणा असा, की त्यात कुणाचा स्वभाव बदलावा लागत नाही. मीठ मीठच राहतं, वाळू वाळूच राहते. भांडण नाही, रूपांतर नाही, नुसतं सन्मानाने वेगळं होणं.

ह्या धड्यातलं ‘निवळणे’ हे प्रकरण मात्र छत्रपती संभाजीनगरकरांइतकं मन लावून दुसऱ्या कुणी अभ्यासलं नसेल. १६१० मध्ये मलिक अंबरने हे शहर खडकी या नावाने वसवलं आणि थोड्याच वर्षांत नहर खणली. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी गोळा करून ते नुसत्या उतारावर गावात आणलं. माती आणि खडक हीच त्याची गाळणी होती आणि तिला वीजबिल नव्हतं. त्याच वाटेने पुढे पाणचक्की आली. तिच्या नळांतून दाबाने उंच चढलेलं पाणी अजूनही हौदात कोसळताना पाहायला गर्दी होते. पूर्वी त्याच पाण्यावर जातं फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांचं, यात्रेकरूंचं पीठ दळलं जाई.

आता आपलं पाणी नाथसागरातून येतं. पैठणहून ५० किलोमीटरच्या आसपासचं अंतर आणि वर चढणीचा रस्ता. वाटेत फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्याला तुरटी पाजली जाते. तुरटीची गंमत अशी, की गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर सारखाच ऋण भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत अधांतरी तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं. मग तेच कण एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. म्हणजे वेगळं करण्यासाठी आधी जवळ आणावं लागतं. समेट घडवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तुरटीचा एक खडा खिशात ठेवायला हरकत नाही.

तुरटीशिवायही गाळ बसतो, पण त्याला सवड लागते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये त्याचं गणित मांडलं: कण निम्म्या आकाराचा असेल, तर तो चौपट सावकाश खाली जातो. आपल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक फूट उतरायला सुमारे एक दिवस घेतो. एक मायक्रॉनचा असेल तर चार दिवस. आता शहराच्या नळाला पाणी येतं कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने, कुठे त्याहूनही उशिरा. तेवढ्या काळात पिंपातले बरेच आळशी कणही तळ गाठतात. स्टोक्सच्या सूत्राला इतका अवधी देणारी नगरी दुसरी शोधून सापडायची नाही.

मग आपण त्या निवळलेल्या पाण्याला आरओच्या यंत्रात घालतो. ते एक लिटर पाणी गोड करून देतं आणि त्यापायी दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. आठवड्याने आलेलं पाणी! समंजस घरांत ह्या पाण्याखाली बादली लावलेली असते आणि त्यावर फरशी पुसली जाते. त्या यंत्राला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. मिसळणं आपोआप होतं आणि वेगळं करायला मोल पडतं, हा निसर्गाचाच कायदा आहे. चिमूटभर मीठ पाण्यात टाकलं, की ते न सांगता सगळीकडे पसरतं. ते परत बाहेर काढायचं तर आच द्या, दाब द्या, श्रम द्या. फुकटात काही होत नाही.

हे मोल कधी कधी सोन्यातही मोजतात. सराफ्यातल्या पेढ्यांचा केर आपल्या केरासारखा बाहेर फेकला जात नाही, तो विकला जातो. झारेकरी तो घेतात, जाळतात, परातीत घालून पाण्यात हलवत राहतात. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू जेमतेम अडीचपट. हाताला हिसका देण्याचं कसब असेल, तर वाळू कडेवरून निघून जाते आणि पिवळी कणी तळाशी थांबते. पुढे आम्लाचं आणि पाऱ्याचं काम येतं, ते धोक्याचं. पण पहिली निवड केवळ वजनाच्या फरकावर. एकाचा केर तो दुसऱ्याचा संसार, एवढं त्या परातीत दिसतं.

काही जोड्या मात्र वेगळ्या व्हायला साफ नकार देतात. आमच्या औद्योगिक वसाहतींत मद्याचे कारखाने आहेत, तिथल्या ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यांना हे ठाऊक असतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. एवढा फरक असताना वाटतं, की दोघांना विलग करणं डाव्या हाताचा मळ. पण ९५-९६ टक्क्यांपर्यंत गेलं, की उरलेलं पाणी अल्कोहोलचा हात सोडत नाही. वाफेतही दोघं त्याच प्रमाणात जातात. कितीही तापवा, कितीदाही तापवा. पन्नास वर्षं संसार केलेल्या आजी-आजोबांसारखी ही जोडी: उकळतात दोघंही, पण एकत्र.

आणि खरं सांगायचं तर सगळीच मिश्रणं वेगळी करायची नसतात. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीतली माणसं आपल्या शेजारच्या देवगिरीत ओतली. काही वर्षांनी त्याला उपरती झाली आणि परतीचा हुकूम सुटला. पण राजाच्या हुकमाने मिश्रण होतं, विलगीकरण होत नाही. पुष्कळजण गेले, जे खाली बसले ते इथलेच झाले. खुलदाबादचे सुफी राहिले. सूत आणि रेशीम एकत्र विणणारा हिमरू राहिला. गुलमंडीत मराठी आणि दखनी एकाच वाक्यात सुखाने नांदू लागल्या. “क्या भाऊ, किदर चाल्ले?” ह्या वाक्यातून मराठी गाळून दाखवा! त्यासाठी गाळणकागद अजून निघालेला नाही, आणि न निघालेलाच बरा.

म्हणजे मिश्रणं दोन प्रकारची. काहींत दोघांचीही किंमत वाढते आणि काहींत दोघंही मातीमोल होतात. दुसऱ्या प्रकाराचा धडा शहराला फेब्रुवारी २०१८ मध्ये मिळाला. नारेगावच्या डेपोवर वर्षानुवर्षं आपला कचरा सोसणाऱ्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि ‘बस्स’ म्हटलं. मग कित्येक महिने चौकाचौकांत ढीग साचले. नवी जागा शोधायला गेलेल्या गाड्यांना जागोजागी विरोध झाला, मिटमिट्यात तर प्रकरण दगडफेकीपर्यंत गेलं. त्या ढिगात काय होतं? भाजीची देठं होती, ज्यांचं खत झालं असतं. पुठ्ठे होते, ज्यांची रद्दी झाली असती. काच होती, पत्रा होता. एकेकटं कुणीच कचरा नव्हतं. आमटीने भिजलेला पुठ्ठा आणि पिशवीत गुदमरलेली देठं, असे सगळे एकमेकांत कालवले तेव्हा कुठे कचरा तयार झाला. तो बनवण्याचा कारखाना प्रत्येक घरात होता आणि आपण सगळे त्याचे भागीदार होतो.

वास्तविक ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचा नियम २०१६ मध्येच देशभर लागू झाला होता. नंतर शहराने चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभारली. पण यंत्रालाही फरक लागतो. प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकला, तर बाटलीचे तुकडे बुडतात आणि झाकणांचे तरंगतात. भंगाराच्या धंद्यात हा प्रयोग रोज होतो. मात्र त्या चुऱ्यात कालची खिचडी असेल, तर बिचाऱ्या घनतेने काय करावं? मग कुणीतरी मावशी हातमोज्यांनिशी, कधी त्यांच्याविनाही, ते वेचत बसते. सातवीचा तो प्रश्न आपण तिच्यापुढे रोज टाकतो, आणि वर काचेचा तुकडाही न गुंडाळता टाकतो.

सकाळी घंटागाडी येते. गाणं लांबून ऐकू आलं, की जिन्यात धावपळ उडते. कुणी हळूच एकच पिशवी सरकवतं. गाडीवरच्या ताई विचारतात, “काकू, ओला-सुका एकातच का?” आणि काकू, ज्यांनी आयुष्यभर डाळीतला खडा नजरेने टिपला, ज्यांच्या सुपातून एक दाणा निसटला नाही, त्या म्हणतात, “अगं, घाई झाली.” बरोबरच आहे. हे कसब आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त ते स्वयंपाकघराच्या दारातच थांबतं.

रसायनशास्त्राने विलगीकरणाच्या डझनभर पद्धती शोधल्या. त्यांतली सगळ्यात स्वस्त पद्धत पुस्तकात छापायची राहून गेली: मुळात मिसळूच नये. तिला आच लागत नाही, तुरटी लागत नाही, गाळणकागद लागत नाही. दोन डबे लागतात, आणि सुया-काचा-औषधांसाठी एक वेगळी पिशवी. तेवढं आजच ओट्याखाली ठेवा. उद्या सकाळी गाडी यायचीच आहे.